मर्जीतला

जांभळी नाक्यावरून आणलेली जरीची पट्टी
त्याच्या अंगरख्याला लावतोय मी,
पोलंडच्या त्या सरदाराच्या,
ज्याचं नाव टिपणीसांच्या जिभेवर अजून बसत नाही.
झ्बिगन्येव, म्हणे.
आम्ही कपडेपटात त्याला झब्बू म्हणतो.

राजाच्या शयनगृहाची किल्ली ह्याच्या कमरेला.
राजा हसायच्या आधी हा हसायचा,
राजाला ताप भरला की घाम ह्याला.
मिळालं काय, तर तीन गावं, एक पदक
आणि पाठ वळली की कुजबुजणारा दरबार.

तिसऱ्या अंकात राजा मरतो.
नवा राजा बोलत नाही काही,
नुसता हात पुढे करतो.

तालमीत टिपणीस तिथेच अडतात.
बारा वर्षं दिग्दर्शकाच्या गाडीत
पुढची सीट त्यांची होती.
हल्ली तिथे तो बावीस वर्षांचा पोरगा बसतो,
नवा राजा झालेला.
टिपणीस घोडबंदरहून रिक्षाने येतात,
दारात सुटे पैसे शोधत उभे.

काल कोपरीच्या हॉलवर
किल्ली देण्याआधी
त्यांनी ती रुमालाने पुसली.
संहितेत नाही ते.

मी कमरेचा हूक जरा सैल करून ठेवलाय.
प्रयोगात ओढावी लागू नये.