विसार

फहाहीलमध्ये आमचा रविवार
शुक्रवारीच येतो.
सुट्टीच त्या दिवशी, काय करणार.
तळघरातला हॉल. चपला दाराबाहेर नाही,
आत आणून ठेवायच्या, गर्दी दिसू नये म्हणून,
आणि गाणं एसीच्या घरघरीखाली.
ज्या वारी त्याला खिळलं
त्याच वारी आम्ही म्हणतो, तो उठला आहे.
मग शनिवारी पहाटे साडेचारची बस,
शुऐबा, गॅस्केट, खारट वाफ, हातमोज्यात घाम.
उरलेला आठवडाभर
मला तो मधलाच शनिवार वाटतो.

शेवगावला दोन गुंठे जागा घेतली आहे.
घेतली म्हणजे, विसार दिलाय.
साठेखत झालं, खरेदीखत व्हायचंय,
सातबाऱ्यावर अजून दुसऱ्याचंच नाव.
तरी सलोमीनं तिथं कडुनिंब लावला,
आणि यमीमा शाळेत सांगते, ते आमचं घर.
मी तिला खोटं पाडत नाही.

मार्चमध्ये ओबेद परांचीवरून पडून गेला.
हॉलमध्ये कुणीसं म्हणालं, घरी गेला तो.
मला राग आला.
त्याचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात,
तो अकरा दिवस शवागारात,
एका सहीपायी.
घरी? कुठल्या?
त्या शुक्रवारी मी गायलो नाही.
हनोखकाकांनी मात्र ओबेदची खुर्ची
भिंतीला लावली नाही.
अजूनही मांडतात, रुमालानं पुसून,
आणि काही बोलत नाहीत.

मग ताट फिरतं.
खुबूसचा नखाएवढा तुकडा,
औषधाच्या टोपणाएवढा द्राक्षरस.
एवढ्यानं काय पोट भरतंय.
भरायचं नसतंच.
विसार एवढाच असतो,
देणारा व्यवहार मोडणार नाही
एवढं सांगण्यापुरता.
मी तो जिभेवर धरून ठेवतो, विरघळेपर्यंत,
ओबेदच्या खुर्चीकडे बघत.

पहाटे चारला घरी फोन लावतो.
तिकडे साडेसहा.
सलोमी म्हणते, उजाडलं की,
कडुनिंबाला पाणी घालून आले आत्ताच,
मागे बादलीचा आवाज, यमीमाची वेणी राहिलेली.
माझ्या खिडकीत रिफायनरीची ज्योत
आणि काळोख, नुसता काळोख.
म्हणालो, हो, उजाडलं.
मग दिवा न लावता
बूट शोधायला वाकलो.