अठ्ठावीस टरफलं

शेवटचा पगार न्यायला गेले
तेव्हा अनंता वजराटकराने वही उघडली
आणि खाली घातलेली मान वर केलीच नाही.
त्याची आई माझ्या शेजारच्या यंत्रावर बसायची.
पाय कधी दाबायचा, बी कशी आडवी धरायची,
बोटांना आधी तेल की आधी राख,
सगळं तिने शिकवलं मला.
तिचा मुलगा आता आकडे सोलतो.

सतरा दिवस. रोज दोनशे चाळीस.
(दोनशे चाळीस नंबरचा गर म्हणजे मोठा, पांढरा,
वेंगुर्ल्याहून थेट परदेशी जाणारा.
दोनशे चाळीस नंबरची बाई इथेच राहते.)
चार हजार ऐंशी, त्याने लिहिले.
मग खाली रेघ.
उचल बाकी, तीन हजार चारशे.
तुकडा जास्त पडला, पाचशे.
हातमोजे, एकशे ऐंशी.
आणि तळाला एक शून्य काढलं,
सुबक, गोल, कुठेही न फुटलेलं.
असा गर माझ्या हातून दिवसाला दहादेखील निघत नाहीत.

हातमोजे म्हणे!
एकवीस वर्षं राखेत हात घालून बसले मी.

उचल घेतली होती, नाही म्हणत नाही.
मुलीच्या नर्सिंगच्या फीला, पाच हजार सहाशे.
दर शनिवारी दोनशे कापले.
जुने दिवाणजी कापायचे, लिहायचे की नाही
ते मी कधी बघितलं नाही.
मी आपलं त्या दिवशी एक टरफल
पदराच्या गाठीत घरी आणायचे
आणि फरसाणाच्या बरणीत टाकायचे.
मुलगी हसायची.
बरणीत अठ्ठावीस आहेत.
वहीत शनिवार अकरा.

मधले सतरा कोणी खाल्ले, अनंता?
तो पेनाचं टोपण काढत राहिला, लावत राहिला.

मग रेडकर शेट स्वतः आले. आवाज मऊ,
भिजवलेल्या बोंडूसारखा.
"गो द्रौपदी, आपण काय परके?
पाच किलो तुकडो वांगडा घेऊन जा.
फक्त हय अंगठो कर."
कागदावर छापलेलं होतं: सर्व हिशेब चुकता.

मी त्यांना अंगठा दाखवला.
हसू नका, खरोखर दाखवला.
उजेडाकडे धरून.
म्हटलं, बघा शेट, काही दिसतं का?
तुमच्या काजूच्या तेलाने एकेक रेघ खाल्ली.
रेशनच्या दुकानातलं यंत्र मला तीनदा विचारतं, कोण तू,
आणि चौथ्यांदा नाही म्हणतं.
कोणाच्या नावाने उठवू हा डाग?

"शाई लाव, चलता," शेट म्हणाले.

मी पेन मागितलं.
अनंताने टोपण काढून दिलं, लगेच, न विचारता.
मुलगी पाठ करायची तेव्हा तिच्या वह्यांवरून
चार अक्षरं गिरवली होती मी, चुलीपुढे बसून.
त्या छापील ओळीखाली लिहिलं:
मला पेसे मिळाले नाहीत.
द्रौपदी यशवंत आरोलकर.

शेट म्हणाले, पैसेसुद्धा धड लिहिता येत नाही.
म्हटलं, एक मात्रा कमी पडली ना?
ती पण कापून घ्या.

दारापर्यंत अनंता आला, चपला शोधायच्या निमित्ताने.
"काकी," म्हणाला, "बरणी सांभाळून ठेव."
त्याच्या आईचे डोळे आहेत त्याला,
मागच्या बाकावरून त्याला ते दिसत नसतील.

आता ओरोसच्या कचेरीत तारीख असते.
दोनदा गेले, दोनदा साहेब रजेवर.
जाताना बरणी मांडीवर घेऊन बसते,
टरफलांना जुनं तेल सुटलंय,
झाकणाखालून पदराला लागतं, निघत नाही.
काल कंडक्टर म्हणाला,
"ह्यां काय, लोणचां?"
म्हटलं, नाय. शनिवार असत.
त्याने मान हलवली
आणि एकच तिकीट फाडलं.