शून्य आणि रिकामी जागा

नारीनमध्ये नोव्हेंबरात पाचलाच अंधारतं.
शाळेतला एकुलता हीटर संगणकाच्या खोलीत,
म्हणून शिक्षकांचा वर्गही तिथंच:
आम्ही नऊ जण, अंगात कोट,
आणि बिश्केकहून आलेल्या सालकिन बाई.

मी खूश होतो माझ्यावर.
सातवीच्या निकालाचा केक बनवून आणला होता,
तिरका, जाड, सावलीसकट,
अकरा रंगांच्या अकरा फोडी.
बाई म्हणाल्या, "तेमिरकुल अगाय,
सगळ्यात मोठी फोड कोणती? बोट ठेवा."
मी ठेवलं.
ती मोठी नव्हती. फक्त पुढे होती.

सगळे हसले.
मीही हसलो, जरा उशिरा.

मग एकेक वस्तू पडद्यावरून उठून गेली.
सावली गेली, चौकट गेली, मागची जाळी गेली.
दर वेळी बाईंचा एकच प्रश्न:
"हे पुसलं तर काय कळायचं राहील?"
काही नाही.
"मग पुसा."

घरी आलो तर बायको नमदा कापत बसलेली.
काळा थर, त्यावर पांढरा, आणि सुरी एकदाच फिरते;
काळ्यातून निघालेलं शिंग पांढऱ्यात बसतं,
पांढऱ्यातलं काळ्यात. चिंधी उरत नाही.
म्हटलं, दोनच रंग पुरतात तुला?
ती मान वर न करता म्हणाली,
"काय दाखवायचंय ते ठाऊक असलं तर पुरतात."
हिला कुणी बिश्केकहून शिकवायला आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी उभा अक्ष.
"स्तंभ काढाल तर शून्यापासूनच," बाई म्हणाल्या,
"रेघेला तेवढी सक्ती नाही.
पण पाया कापलात, तर कापला म्हणून सांगा."

आणि मला कुंदुझ आठवली.

गेल्या वसंतात पालकसभेला
तिच्या गणिताची रेघ मी भिंतीवर लावली होती.
एक्क्याण्णव, नव्वद, अठ्ठ्याऐंशी.
कागद भरलेला दिसावा
म्हणून अक्ष सत्त्याऐंशीपासून काढला,
खालचं सगळं कापून टाकलं,
आणि तीन गुणांचा कडा झाला.
तिचे वडील मेंढपाळ.
कडा म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागत नाही,
दोन घोड्या त्यांनी तशाच गमावल्यात.
ते टोपी हातात धरून बराच वेळ उभे राहिले,
काही न बोलता गेले.
दुसऱ्या दिवसापासून कुंदुझनं
वर्गात हात वर करणं सोडलं.

डोंगरांनी गच्च भरलेल्या या गावात
राईचा आणखी एक पर्वत मी केला होता.
तोही पट्टी लावून, नीटनेटका.

मग रात्री जागून सगळं पुन्हा काढलं.
सत्तावीस मुलं, सत्तावीस छोट्या रेघा,
सगळ्यांना एकच मोजपट्टी, तळाशी शून्य.
सानझारची रेघ मार्चमध्ये धाडकन तळाला गेली.
मी घाबरलो, मग वही काढून पाहिली:
तो परीक्षेला बसलाच नव्हता.
रिकाम्या चौकोनाला यंत्रानं शून्य समजलं.
मी ते शून्य खोडलं,
रेघ तिथं तुटू दिली.
एवढ्या साध्या गोष्टीला मला एकोणीस वर्षं लागली.

सोमवारी कागद भिंतीवर लावला.
कुंदुझ मधल्या सुट्टीत आली,
आपल्या रेघेवरून बोट फिरवलं.
"अगाय, ही तर सपाट आहे."
"सपाटच होती."
मला पुढंही काही म्हणायचं होतं,
तेवढ्यात ती सरकली, सानझारच्या तुटलेल्या रेघेपाशी थांबली,
पेन्सिल मागितली,
आणि त्या फटीत, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं:
कोकरं चौदा, एक मेलं.

मी वाचून घेतलं. खोडलं नाही.

तिचा हात अजून वर आलेला नाही.
आज डिसेंबरची सहा तारीख.