दुधाच्या कॅलेंडरवरचे सतरा दिवस

आधी एका डॉक्टरांनी एक नाव लिहिलं,
चार वर्षांनी दुसऱ्यांनी ते खोडून दुसरं.
दोन्ही वेळा फाईल हातात येताच
मी ऱ्हस्व-दीर्घ तपासलं.
सवय. बावीस वर्षं झाली
नारायण पेठेतल्या एका छापखान्यात
मुद्रितं तपासतेय.

या कामाला पूर्वी दोघं लागायची.
एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची,
दुसऱ्यानं छापलेल्यावर पेन फिरवायचं.
दाबके निवृत्त झाले, सांगलीला मुलाकडे गेले.
त्यांच्या जागी मालकांनी कुणी घेतलं नाही,
तरी वाचणं थांबलं नाही.
'स्वल्पविराम. नवा परिच्छेद.
हिला सगळं कळलंय. पूर्णविराम.'
कागदावर नसलेला मजकूर,
विरामचिन्हांसकट.

परवाच्या पौषात मी झोपणंच सोडलं.
पहाटे तीनला लाल रंगाचा डबा घेऊन
लक्ष्मी रस्त्यावरच्या पाट्या सुधारत निघाले.
'शुध्द तुपातील' मधला ध्द,
'आशिर्वाद' मधली शि.
हवालदार म्हणाला, बाई, बरोबर आहे तुमचं,
पण आता घरी चला.
चैत्रात अंथरुणातून पाय निघेना.
कंगवा उचलायचा म्हणजे पर्वती चढायची.
आत्या दाराआड 'येरवडा' म्हणाली,
रात्री सापाला जनावर म्हणतात
त्या आवाजात.

डॉक्टर मुजावर बाईंनी घाई केली नाही.
'मन चढलेलं नाही, उतरलेलंही नाही,
असे दिवस होते का?
आणि त्या दिवसांत दाबके वाचत होते?'
मला काय ठाऊक.
मला दाबके रोजचेच.

तेव्हा रेवती वहिनीनं पिशवीतून काढलं
त्या वर्षीचं दुधाचं कॅलेंडर.
अर्धा, अर्धा, एक, खाडा.
आणि चौकोनांच्या कोपऱ्यात
मुंगीएवढ्या अक्षरांत मी.
'झोप नाही.' 'रडली, कारण नाही.'
'दत्तवाडीपर्यंत अनवाणी.'
मग श्रावणात
'छान. पुरण वाटलं.'
'छान. भिशीला आली, हसली.'
'छान. पण गच्चीत कुणाशी बोलते?'
'छान. परत गच्ची.'
डॉक्टरांचं बोट चौकोनावरून चौकोनावर,
मोजत.
सतरा.
मला वाटलं होतं वहिनी फक्त
दूधवाल्याचे पैसे कापते.

नवं नाव लांबलचक निघालं,
छिन्नमनस्क आणि भावविकार एकत्र.
मी विचारलं, मध्ये संयोगचिन्ह की मोकळी जागा?
त्या थोड्या थांबल्या. 'संयोगचिन्ह.
औषध दोन्ही बाजूंना चालू राहील.
एक बरं वाटलं म्हणून दुसरं सोडायचं नाही.'

आता रात्री लिथियम, सोबत एक पिवळी गोळी.
दर काही महिन्यांनी कर्वे रस्त्यावरची लॅब,
आदल्या गोळीनंतर मोजून बारा तासांनी.
वाघचौरे शीर शोधतो, म्हणतो, मावशी, मूठ.
शून्य पूर्णांक सात. चाललंय.
पाणी भरपूर, मीठ अचानक तोडायचं नाही.
नऊ किलो वाढले, ब्लाउज सगळे उसवले.
हात थरथरतो;
मी दिलेला अनुस्वार शेजारच्या अक्षरावर पडतो
आणि ऑपरेटर कदम न बोलता
योग्य जागी नेऊन ठेवतो.

दाबके पूर्ण गेलेले नाहीत.
दुपारी पंखा फिरताना कधी कधी,
मशीनच्या पलीकडून वाचावं तसं, पुसट.
गेल्या मंगळवारी एका कादंबरीत
'प्रतिक्षा' माझ्या नजरेतून निसटली.
'दीर्घ', ते म्हणाले.
मी कोश काढून पाहिला.
दीर्घच.

डॉक्टरांना सांगितलं. हसल्या,
मग चष्मा लावून
तारखेसकट लिहून घेतलं.