अनुक्रमांक दोन

कचेरीखाली झेरॉक्सच्या गाळ्यात बसून
बावीस वर्षं मी लोकांचे अर्ज भरतो.
पानाला दहा रुपये, फोटो चिकटवायचे वेगळे.
नामंजुरीची पत्रंसुद्धा माझ्याकडेच येतात वाचून घ्यायला,
कारण ती मराठीत असतात
आणि तरी कुणाला कळत नाहीत.

'उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की'
इथपर्यंत माणूस श्वास धरून असतो.
'की'नंतर मी थोडा थांबतो. सवयीनं.

वैजयंता घाडीगावकर भांडुपहून येतात, टेंभीपाड्याच्या वरून.
मिठाईचे खोके करतात: पाव किलो, अर्धा, एक,
आणि दिवाळीला तो खिडकीवाला,
ज्यातून काजूकतली बाहेर बघते.

पहिल्या खेपेला नाव आडवं आलं.
आधारवर वैजयंता, पॅनवर वैजंता,
पासबुकात कुणीतरी लाडानं वैजयंती केलेली.
तीन बाया एकाच अनुदानाला.
मग शपथपत्र केलं, की मी ती मीच आहे.
याला पाचशेचा मुद्रांक लागला.

दुसऱ्या खेपेला पत्ता.
खोलीचं वीजबिल अजून साळस्कर मास्तरांच्या नावावर,
मास्तर जाऊन चौदा वर्षं झाली,
बिल मात्र एकदाही थकवलं नाही त्यांनी.
पाहणीला साहेब आले ते पाण्याच्या टाकीपर्यंत.
तिथून एकशे बारा पायऱ्या.
त्यांनी वर पाहिलं, घड्याळ पाहिलं,
आणि लिहिलं: उद्योग अस्तित्वात आढळून आला नाही.
वर त्या वेळी दीड हजार खोक्यांची ऑर्डर चालली होती.
भिंतीला कान लावला असता तरी
पंचिंगचा दणका ऐकू आला असता.

विचारायला गेल्या वरच्या मजल्यावर, मीही सोबत.
टेबलावर टाचण्या ठेवलेला एक रिकामा खोका होता.
वैजयंताबाईंनी तो उचलला, उलटा केला,
कोपऱ्यातली घडी नखानं चाचपली
आणि परत ठेवला, होता तसाच.
जिना उतरताना म्हणाल्या,
'घडी माझीये.'
बस. पुढे काही नाही.

तिसरं पत्र काल आलं.
चष्मा घरी राहिला होता त्यांचा.
म्हणाल्या, वाचा.

एक: यंत्र मंजुरीपूर्वी खरेदी केल्यामुळे अपात्र.
मी समजावलं: ताई, अनुदान यंत्र घेण्यासाठी असतं,
तुम्ही तर घेऊन बसलात.
'मग काय करायचं होतं? तीन वर्षं हातानं कापायचं?
पाटल्या मोडल्या मी.'
पाटल्या मोडल्या हे कुठल्याही रकान्यात बसत नाही.
पाटल्या अंगावर ठेवून बसून राहिल्या असत्या
तर आज पात्र होत्या.

तीन: कोटेशनवर जीएसटी क्रमांक नाही.
हे त्यांना कळलं. मान हलवली.

दोन मी वाचलंच नाही.

दोन होतं: प्रकल्प अहवालातील कच्चा माल
व नमूद उत्पादन यांत विसंगती.
पान सात. मैदा, यीस्ट, वनस्पती तूप.
ते पान माझं आहे.
कुर्ल्याच्या एका बेकरीवाल्याच्या फाईलमधून
पुठ्ठ्याच्या फाईलमध्ये मीच ओढलं होतं,
संध्याकाळचे सात वाजलेले, शेवटची तारीख,
बाहेर अकरा माणसं रांगेत.
नाव बदललं, पत्ता बदलला, नफा बदलला.
मैदा राहिला.

अहवालाचे पंधराशे घेतले होते मी.

'एक आणि तीन,' त्या म्हणाल्या, बोटं मोजत.
'मध्ये काही नव्हतं?'
मी म्हटलं, तसंच छापतात हे लोक.

त्यांनी पत्राची घडी घातली,
आधी कड, मग कोपरा, नखानं दाबत,
कागद नव्हे, पुठ्ठाच असल्यासारखी,
आणि पर्समध्ये ठेवली.

चष्मा घरी आहे.
एकशे बारा पायऱ्या चढून
आतापर्यंत त्या पोचल्या असतील.