आठ रेघा

फॉर्मचं अकरावं पान कोरं असतं.
वर एवढंच छापलेलं: आपली अडचण थोडक्यात लिहा.
खाली आठ रेघा.

लेनर्ड युर्कोविचनं वहीची चार पानं भरून आणली,
पेन्सिलीनं, पाठपोट.
टोलेडोच्या उत्तर टोकाचा माणूस, एकोणसाठ वय,
पाच हप्ते थकलेले,
आणि टोपी मांडीवर अशी धरलेली
की तीही जप्तीच्या यादीत असावी.

मी म्हटलं, एवढं बँक वाचत नाही.
तो म्हणाला, मग तुम्ही वाचा.

वाचलं.
गाड्यांच्या काचा करायचा त्याचा कारखाना.
काचेची भट्टी, त्यानं लिहिलं होतं, विझवत नसतात.
एकदा पेटली की पंधरा-सोळा वर्षं,
नाताळच्या रात्रीही कुणीतरी तिच्यापाशी जागं असतं.
ती निववायला अकरा दिवस लागले.
बाकीच्यांना पहिल्याच दिवशी घरी धाडलं,
याला ठेवून घेतलं,
कारण घाईनं निवली तर विटा तडकतात
आणि विटा विकायच्या होत्या.
अकराव्या दिवशी त्यानं तिला हात लावून पाहिला.
‘माझ्या कॉफीपेक्षा गार.’
या वाक्याखाली पेन्सिल दाबून मारलेली रेघ.

मी ते खोडलं.

डोरीनच्या गुडघ्याचं खोडलं.
तळघरातलं पाणी उपसणारा पंप रात्री तीनला सुरू होतो
आणि नुसत्या आवाजावरून याला कळतं
पाणी कितव्या पायरीला आलंय,
तेही खोडलं.
शेजारच्या दारावर नोटीस लागली, घर रिकामं झालं,
तर त्या अंगणातलं गवत हाच कापतो, दर शनिवारी,
कुणी सांगितलेलं नसताना.
इथं पेन जरा अडखळलं.
खोडलं.

उरलं ते आठ रेघांत बसलं.
अमुक तारखेला नोकरी गेली. भत्ता इतका.
पत्नीची कमाई इतकी. हप्ता इतका.
मला हे घर राखायचं आहे.
शेवटचं वाक्य माझं, सगळ्यांच्या पत्रांत घालते मी ते.
सही त्याची.

मदत म्हणजे नेमकं काय करता, लोक विचारतात.
फॅक्स दोनदा पाठवते. पहिला त्यांना कधीच मिळालेला नसतो.
फोन कानाला लावून चाळीस मिनिटं
तीच ती पियानोची धून ऐकते
आणि पलीकडे एकदाचा माणूस बोलला
की आपण कुणासाठी थांबलो होतो
ते विसरायचं नाही.

आमचं ऑफिस चर्चच्या तळघरात.
खिडकी एकच, छताला चिकटून,
तिच्यातून रस्त्यावरचे फक्त पाय दिसतात.
काचेला तडा, तीन हिवाळे चिकटपट्टीवर निभावलेले.
कागद द्यायला आला तेव्हा बोलता बोलताच
खुर्चीवर चढून त्यानं टेपनं माप घेतलं,
दुसऱ्याच्या पोराचं नाक पुसावं इतक्या सहज.
पुढच्या मंगळवारी काच घेऊन हजर,
जुन्या ब्लँकेटात गुंडाळलेली.

मी नियम सांगितला:
प्रकरण चालू असताना तुमच्याकडून काही घेता येत नाही.
‘घेऊ नका,’ म्हणाला. ‘भोकात बसवून जातो.’

मंजुरी मार्चमध्ये आली.
सहा हप्ते मदतनिधीतून,
थकबाकी कर्जाच्या शेपटाला बांधलेली.
सातवा त्याचा.
सातव्याचं काय, याला फॉर्मात पान नाही.
गोदामात रात्रपाळी मिळेल म्हणतात. म्हणतात.

खिडकीच्या कोपऱ्यात, पुट्टीवर,
त्याच्या अंगठ्याचा ठसा वाळलाय.
फाइलीत सही, इथं अंगठा.

परवा एक बाई आली, सहा पानं घेऊन.
वर बघत म्हणाली, थंडी येत नाही का,
त्या खिडकीला काचच नाही.
हात लावून बघा, म्हटलं,
आणि पेनाचं टोपण न काढता
सहाच्या सहा पानं वाचायला घेतली.