धुणं

जूनमधला पहिला कोरडा शनिवार.
तूसुलाच्या तळ्याकाठी, लाकडी धक्क्यावर
मी गुडघे टेकते.
प्रार्थनेसाठी नव्हे, घासण्यासाठी.
गुडघ्यांना फरक कळत नाही.

एक सतरंजी माझी, चिंध्यांची.
आईने विणली, वडील गेले त्या हिवाळ्यात,
कपाट मोकळं करायचं म्हणून.
ही करडी पट्टी त्यांचा रविवारचा कोट,
हा पिवळट पट्टा दवाखान्यातली चादर
(परत करायची होती, केली नाही),
आणि इथे, काठाशी, माझा शाळेतला झगा.
तो फाडला म्हणून दोन दिवस मी आईशी बोलले नव्हते.
इतकी वर्षं आम्ही सगळ्यांवरून चालतोय.
बूट काढून, एवढाच काय तो मान.

दुसरा गालिचा नाइलेचा, नमाजाचा.
काल तिची लेक घेऊन आली, गाडी चालूच ठेवून:
आई म्हणाली, तुमच्याकडेच द्यायचा.
आणि खाली ठेवू नका.
मग कुठे ठेवू बाई, डोक्यावर?
डोक्यावरच ठेवला, धक्क्यापर्यंत.

तिचे आजोबा तातार. वोल्गाकडच्या खेड्यातून
पाठीवर कापडाचं गाठोडं घेऊन या बर्फात आले,
दारोदार वार मोजत.
आईचं कारेलियातलं गाव
सरहद्दीपलीकडे गेलं, चुलीवर बटाटे शिजत असताना.
तिने बरोबर आणली एक गाय आणि एक मेरीमाता.
गाय सगळ्यांना दाखवली.
मेरीमाता राईच्या पिठाच्या डब्यामागे ठेवली,
कारण इथल्या लोकांना आमचा क्रूस उलटा वाटे.
शाळेत मुलं मला ‘रशियन’ म्हणून चिडवायची.
नाइलेलाही.
आम्हा दोघींना रशियनचा र येत नव्हता.
मैत्री तिथली.

एका वर्षी रोजे भर जूनमध्ये आले.
साडेदहा वाजले तरी सूर्य
पाइनच्या शेंड्यावर लोंबकळत.
ती त्याच्याकडे बघत बसलेली,
मी माझी कॉफी पाठीमागे लपवून.
पी गं, म्हणाली,
तू लपवलीस म्हणून तो लवकर बुडणार आहे का?
मी विचारलं, देव एवढा हिशोबी कशाला?
हिशोबी नाही, वाट बघायला शिकवतो.
तुझा काय शिकवतो?
मला पटकन काही सुचलं नाही.
अजून सुचलेलं नाही.
नाताळच्या आदल्या संध्याकाळी कबरींवर मेणबत्त्या लावते,
आणि मेरीमाता आहे तिथेच आहे,
फक्त डबा आता प्लॅस्टिकचा.

ब्रश फिरवताना दिसतं:
दोन जागी लोकर झिजली आहे, गुडघ्यांएवढी,
आणि वर एका जागी, कपाळाएवढी.
तिथे मी ब्रश बाजूला ठेवते,
हातानेच धुते.

माझ्या सतरंजीत एक निळी पट्टी आहे.
आई सांगायची, दारावर आलेल्या
तातार म्हाताऱ्याकडून घेतलेलं कापड, चांगलं निघालं.
नाइले म्हणायची, माझेच आजोबा.
मी म्हणायचे, तातार काय एकच होता?
चांगलं निघालं ना? मग माझेच.

वाळत घालताना अडले: याचं तोंड कुठे करायचं?
आग्नेयेला तर आइस्क्रीमची टपरी.
दवाखान्यात फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला.
साबण कुठला वापरलास?
हा पहिला प्रश्न.
पाइनचा.
पिळला नाहीस ना?
नाही गं. पण दिशा?
ओल्या गालिच्याला कसली दिशा,
आधी वाळू तर दे.
हसली, मग खोकत राहिली.

मी फोन कानाशी धरून उभी.
दोन्हींचं पाणी ठिबकत होतं,
फळ्यांच्या फटींतून, खाली.